चौकट : कडक भाकरी, शेंगाचटणी आणि चार भाषा

सिंगापूरच्या वस्त्यांमधल्या कॉफी शॉपमध्ये एकाच छपराखाली मलय नासी लेमाक आणि चिनी नूडल्स मिळतात. तिथल्या या हॉकर संस्कृतीला युनेस्कोने 2020 मध्ये अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले. आपल्याकडे असा मेळ पाहायचा तर सोलापूर-होटगी पट्ट्यात यावे. होटगी हे रेल्वे जंक्शन. विजयपूर, गदगचा फाटा इथूनच फुटतो. मराठी, कानडी, तेलुगू आणि दख्खनी उर्दू या चारही भाषा या भागात रोज कानावर पडतात. लिंगायत घरांतली गूळ घातलेली गव्हाची हुग्गी आणि मुस्लिम खानावळीतला शीक कबाब, दोन्ही इथलेच.

पण सगळ्यांना एकत्र आणते ती ज्वारीची कडक भाकरी. पातळ थापायची, भाजायची आणि मग मंद आचेवर ओल पार जाईपर्यंत शेकायची. बोटांत कडकन मोडते, कित्येक दिवस टिकते. मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन आहे, ते उगाच नाही. सोबत शेंगाचटणी हवीच: भाजलेले शेंगदाणे, लसूण, तिखट, जिरे, मीठ उखळात घालून तेल सुटेपर्यंत कुटलेली. मिक्सरमधून काढलेल्या कोरड्या भुग्याला ती चव येत नाही.

चटणीवर घट्ट दही घ्या. भाकरी आमटीत कुस्करणार असाल तर आधी थोडी भिजू द्या.