वंगण कोणतें घालावें?

नवें शिवणयंत्र घेतांना आपण दहा ठिकाणीं चौकशी करतों. परंतु त्यास तेल घालण्याची वेळ आली म्हणजे स्वयंपाकघरांतील बाटली पुढें ओढतों. यंत्र जड चालूं लागतें तें पुष्कळदां येथूनच.

धातूचे दोन पृष्ठभाग कितीही गुळगुळीत दिसले तरी सूक्ष्मदर्शकाखालीं ते खडबडीतच असतात. वंगणाचा थर त्यांस एकमेकांपासून अलग ठेवतो. टॉवर नांवाच्या इंग्रज अभियंत्यास १८८३ सालीं असें आढळलें कीं, फिरत्या आंसाच्या बेअरिंगांतील तेलाचा दाब भोकाचें बूच बाहेर फेंकण्याइतका असतो. आंसावरील भार तेंच तेल उचलून धरतें! १८८६ सालीं ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यांनीं त्याचें गणित मांडलें. त्यावरून साधा नियम निघतो: वेग अधिक व भार थोडा, तेथें पातळ तेल; वेग मंद व भार मोठा, तेथें दाट वंगण. म्हणून शिवणयंत्रास पातळ, स्वच्छ तेल, तर बैलगाडीच्या आंसास घट्ट वंगण शोभतें.

खाद्यतेल मात्र यंत्रांत घालूं नये. जवसाचें किंवा शेंगदाण्याचें तेल हवेंतील प्राणवायु शोषून चिकट होतें. खोबरेल सुमारें २४ अंशांखालीं थिजतें. मग गोंदियाकडील हिंवाळ्यांत तें काय कामाचें? रॉकेल मळ धुण्यास ठीक, पण त्याचा थर टिकत नाहीं. कुलपांत तेलाऐवजीं शिसपेन्सिलीची बारीक पूड घालावी. तिजवर धूळ चिकटत नाहीं.

ग्रीस म्हणजे साबणांत धरून ठेवलेलें तेल. चुन्याच्या साबणाचें ग्रीस पाण्यास दाद देत नाहीं, पण उष्णतेनें विरघळतें. लिथियमचें दोन्ही सोसतें. दोन जातींचीं ग्रिसें एकत्र करूं नयेत. कधीं कधीं तीं पातळ होऊन वाहून जातात.

गोंदिया जिल्हा हा धानाचा मुलूख. मुर्रीच्या वाचकांस भातगिरणी नवी नाहीं. धानाच्या तुसांत सिलिका, म्हणजे वाळूचें द्रव्य, पुष्कळ असतें. तुसाची धूळ तेलांत मिसळली कीं तेंच तेल कानशीचें काम करूं लागतें. म्हणून आधीं पुसावें, मगच वंगण द्यावें, आणि तेंही बेतानें. छऱ्यांच्या बेअरिंगांत ग्रीस ठांसून भरल्यास तें थंड राहण्याऐवजीं तापतें.

शेवटीं एक गोष्ट गृहिणींनीं विशेष ध्यानांत ठेवावी. १९५९ सालीं मोरोक्कोंतील मेक्नेस भागांत विमानाच्या इंजिनाचें तेल खाद्यतेलांत मिसळून विकलें गेलें. त्यांतील ट्रायक्रेसिल फॉस्फेटमुळें सुमारें १०,००० माणसांच्या हातापायांतील बळ गेलें. तेथें विक्रेत्यांचा लोभ होता. पण घरांत नुसती बाटलींची अदलाबदलही घातक ठरूं शकते. यंत्राचें तेल खाण्याच्या तेलाच्या रिकाम्या बाटलींत कधींही भरूं नये. त्यावर ठळक अक्षरांत नांव लिहावें आणि तें स्वयंपाकघराबाहेर, मुलांचा हात पोंचणार नाहीं अशा फळीवर ठेवावें.