मृत समुद्राचा मागे सरकणारा किनारा
जुने नकाशे आणि उपग्रहांची छायाचित्रे काय सांगतात?

'मृत समुद्र' हे नाव आपल्यापैकी अनेकांनी भारतात शाळेच्या भूगोलात प्रथम वाचले. येथे आल्यावर त्याचे हिब्रू नाव कानी पडले : याम हामेलाह, म्हणजे मिठाचा समुद्र. आपल्या समाजाचा त्याच्याशी संबंध केवळ सहलीपुरता नाही. ज्या दिमोनात आपली अनेक कुटुंबे स्थायिक झाली, ते गाव १९५५ साली वसविताना मृत समुद्रावरील कारखान्यांच्या कामगारांची सोय हाही एक हेतू होता. म्हणून हा समुद्र आटत आहे ही वार्ता आपल्याला परकी वाटू नये. परंतु तो किती आटला, केव्हा आटला आणि कशामुळे आटला, हे ठरविण्यास साक्षीदार हवेत. ते साक्षीदार म्हणजे जुने नकाशे आणि उपग्रहांनी घेतलेली छायाचित्रे. त्यांचीच ओळख आम्ही या लेखात करून देत आहोत.

या समुद्राचे एक अतिशय जुने चित्र जॉर्डनमधील मादबा येथील चर्चच्या फरशीवर आहे. रंगीत दगडांच्या तुकड्यांनी जडविलेल्या सहाव्या शतकातील या नकाशात मृत समुद्रावर दोन नौकाही दाखविल्या आहेत. चित्र सुंदर आहे, पण त्यावरून अंतर मोजता येत नाही. मोजता येईल असा मोठा नकाशा एकोणिसाव्या शतकात झाला. लंडनच्या 'पॅलेस्टाइन एक्स्प्लोरेशन फंड' या संस्थेने १८७१ ते १८७७ या काळात जॉर्डन नदीच्या पश्चिमेकडील प्रदेशाची मोजणी करविली आणि १८८० मध्ये एक इंचास एक मैल या प्रमाणाचा, २६ पत्रकांचा नकाशा प्रसिद्ध केला. या मोजणीवर काम करणारा तरुण अधिकारी किचनेर हाच पुढे १९०२ ते १९०९ या काळात हिंदुस्थानचा सरसेनापती होता. ज्या घरांत लष्करी नोकरीची परंपरा होती, त्या घरांतील वडीलधाऱ्यांस हे नाव ठाऊक असेल.

या मोजणीदारांनी ओढे, झरे, पडक्या वास्तू यांबरोबर हजारो स्थळनामेही टिपून ठेवली. स्थळनामांचे मोल आपल्याला कोणी सांगावयास नको. पेणकर, रोहेकर, किहीमकर, नवगावकर ही आपली आडनावे म्हणजे कोकणपट्टीचा एक नकाशाच आहे. गाव सुटले, नाव राहिले. नकाशांतही असेच घडते; झरा आटतो, पण त्याचे नाव कागदावर टिकते आणि तो कोठे होता हे सांगते.

याच संस्थेने १९०० साली एन फेशखा येथे किनाऱ्यालगतच्या खडकावर एक आडवी रेघ कोरविली आणि तिच्यापासून पाणी किती खाली-वर होते याची नोंद पुढे काही वर्षे ठेवविली.  आज तो खडक हमरस्त्याच्या कडेला उभा आहे आणि समुद्र दूर खाली गेला आहे. १९३० च्या सुमारास या समुद्राची पातळी सागरसपाटीखाली सुमारे ३९० मीटर होती; आता ती ४३० मीटरांहूनही खाली आहे आणि वर्षाला एक मीटरहून अधिक उतरत आहे.

आकाशातून पाहताना

पहिल्या महायुद्धात जर्मन वैमानिकांनी या प्रदेशाची छायाचित्रे घेतली होती. पुढे १९६० ते १९७२ या काळात अमेरिकेच्या 'कोरोना' या हेरगिरीच्या उपग्रहांनी चित्रे घेतली. ती १९९५ मध्ये खुली झाली. मात्र नियमित नोंद सुरू झाली ती २३ जुलै १९७२ रोजी पहिला लँडसॅट उपग्रह सोडल्यानंतर. त्याच्या चित्रातील प्रत्येक ठिपका सुमारे ८० मीटर भूमी व्यापीत असे. १९८२ नंतरच्या उपग्रहांत हे माप ३० मीटरांवर आले. डोळ्यांस न दिसणारे अवरक्त किरणही हे उपग्रह टिपतात. पाणी ते किरण शोषून घेते म्हणून काळे दिसते, आणि किनाऱ्याची रेघ स्पष्ट उमटते.

१९७२ च्या चित्रात उत्तरेचे खोल आणि दक्षिणेचे उथळ अशी दोन्ही पात्रे जोडलेली दिसतात. त्या दशकाच्या अखेरीस मधला भाग कोरडा पडला. नंतरच्या चित्रांत दक्षिणेस पाणी दिसते, पण त्याच्या कडा पट्टीने आखल्यासारख्या सरळ आहेत. तो समुद्र राहिलेला नाही; ती कारखान्यांची तळी आहेत. कोकणातील मिठागरे पाहिलेल्यांस ही रीत चटकन उमजेल : बांध घालावयाचे, खारे पाणी आत घ्यावयाचे आणि उन्हाने ते आटू द्यावयाचे. येथे मात्र पाणी उत्तरेकडील समुद्रातून पंपाने आणावे लागते आणि त्यातून पोटॅश काढले जाते. तळ्याच्या तळाशी मीठ साचत असल्याने एन बोकेकच्या हॉटेलांपुढील पाणी चढत होते आणि ते मीठ उपसण्याचे काम हाती घ्यावे लागले. एकाच समुद्राचे एक अंग उतरत असता दुसरे चढत होते!

समुद्र आटण्याचे मोठे कारण मात्र वर उत्तरेस आहे. जॉर्डन नदी पूर्वी दरवर्षी सुमारे १३० कोटी घनमीटर पाणी आणीत असे. आता त्याचा दशांशही येत नाही. इस्राएलचा राष्ट्रीय जलवाहक १९६४ मध्ये सुरू झाला. जॉर्डनने कालवा काढला, सीरियाने यार्मुकच्या खोऱ्यात धरणे बांधली. त्या पाण्यावर आपली शेते पिकली आणि आपल्या घरांतील नळ वाहिले, हेही विसरता येत नाही.

तुलना करताना सावधगिरी

जुना नकाशा नव्या चित्रावर नुसता ठेवून भागत नाही. आधी दोहोंत न हललेल्या खुणा शोधाव्या लागतात. मसादाचा कडा, एखादा जुना मठ, एखादी विहीर. त्या जुळल्यावरच किनाऱ्यांची तुलना करता येते. दुसरे असे की, पूर्वेकडे मोआबच्या बाजूस किनारा उभा आहे. तेथे पाणी कितीही उतरले तरी नकाशावरील रेघ फारशी सरकत नाही. सपाट किनाऱ्यावर मात्र थोड्या उतारानेही ती दूर पळते. एन गेदी येथील स्नानगृह १९८० च्या दशकात पाण्यालगत बांधले होते. पुढे तेथील पाहुण्यांना ट्रॅक्टरने ओढलेल्या डब्यांतून पाण्यापर्यंत न्यावे लागले.

याहून गंभीर गोष्ट जमिनीखाली घडते. समुद्र मागे हटला की गोडे भूजल पूर्वीच्या खाऱ्या पाण्याची जागा घेते, जमिनीतील मिठाचा थर विरघळवते, आणि पोकळीचे छत अकस्मात कोसळते. अशी हजारो विवरे किनाऱ्यावर पडली आहेत. २०१५ मध्ये मिनरल बीच हा किनारा याच कारणाने बंद करावा लागला. रडार उपग्रह जमिनीचे काही मिलिमीटरांचे खचणेही ओळखतात, त्यामुळे भूगर्भशास्त्रज्ञांना कित्येकदा आधी इशारा देता येतो. येथे नकाशा माणसांचे प्राण वाचवितो.

तांबड्या समुद्राचे पाणी इकडे आणण्याची योजना २०१३ च्या करारानंतर पुढे सरकेल असे वाटले होते, पण २०२१ मध्ये जॉर्डनने ती सोडून दिली. उपाय कोणता, हा वाद चालू आहे. नकाशा तो वाद सोडवू शकत नाही. पण किनारा कोठे होता आणि कोठे गेला, याविषयी मात्र तो वादाला जागा ठेवीत नाही. वाचकांपैकी कोणाच्या घरी मृत समुद्राकाठच्या पहिल्या सहलींची छायाचित्रे असतील, तर त्यांच्या मागे वर्ष आणि ठिकाण अवश्य लिहून ठेवावे. मागे दिसणारी पाण्याची कड हीसुद्धा एक साक्ष आहे.