पेपर सांगून लिहिताना

बीएचा तीन तासांचा पेपर तळमजल्यावरच्या एका खोलीत चार तास चालतो. बाकावर दोघं असतात: उत्तर सांगणारी अंध विद्यार्थिनी आणि ते उतरवून घेणारा रायटर. सरकारी कागदांवर तो ‘लेखनिक’ असतो, कॉलेजात मात्र सगळे त्याला रायटरच म्हणतात. आधी तो अख्खी प्रश्नपत्रिका वाचून दाखवतो. कोणत्या प्रश्नाला किती गुण हे ती मनात नोंदवते, क्रम ठरवते आणि सांगू लागते. नवा परिच्छेद घे. ही ओळ अधोरेखित कर. मराठीचा पेपर असेल तर ‘दिन’ला पहिली वेलांटी, ‘दीन’ला दुसरी, हेही सांगावं लागतं, वेलांटी रायटरची चुकली तरी गुण तिचे जातात. मागच्या पानावर काय लिहून झालं यावर तिला नजर टाकता येत नाही, ते परत वाचून घ्यावं लागतं. चौथा तास जातो तो यात.

केंद्र सरकारच्या २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांनी ही भरपाई ताशी किमान २० मिनिटं अशी बांधून दिली. तरी ‘त्यांना काय, तासभर जास्त मिळतो’ असं म्हणणारे भेटतातच. त्यांनी एखादं दहा गुणांचं उत्तर दुसऱ्याच्या हातून लिहून घेऊन पाहावं.

खरी ओढाताण होते ती परीक्षेच्या आधी, रायटर शोधताना. त्याच्या शिक्षणावर, वयावर अटी घालू नका, हवं तर पर्यवेक्षण कडक करा, असं २०१३ च्या सूचना सांगत होत्या. २०१८ मध्ये नियम फिरला: विद्यार्थी स्वतःचा रायटर आणणार असेल, तर रायटरचं शिक्षण त्याच्यापेक्षा एक पायरी खाली हवं. कॉपीची भीती यामागे होती हे उघड आहे. पण एक पायरी खालची मुलं म्हणजे कोण? जी स्वतःही विद्यार्थीच असतात आणि ज्यांच्या परीक्षा त्याच महिन्यात असतात. मग व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर निरोप फिरू लागतात: उद्या सकाळी साडेदहा, मानसशास्त्र, बारावी झालेलं कुणी आहे का? अभ्यासाची शेवटची रात्र फोनाफोनीत जाते.

याच सूचनांमध्ये चांगलं कलमही होतं. परीक्षा घेणाऱ्या संस्थेनं जिल्हा किंवा विभाग पातळीवर रायटरचं पॅनल तयार करावं, आणि रायटर संस्थेनं दिला असेल तर विद्यार्थ्याला तो दोन दिवस आधी भेटावा. ही भेट फार मोलाची असते. त्याचं अक्षर कसं आहे, इंग्रजी संज्ञा कानाला कळतात का, कोणत्या वेगानं सांगायचं, हे त्या अर्ध्या तासात ठरतं. अशी यादी कॉलेजनं वर्षभर हाताशी ठेवणं अशक्य मुळीच नाही.

कायदा बराच पुढे आला आहे. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, २०१६ च्या कायद्यात एकवीस झाले. त्यात अध्ययन अक्षमताही आली. महाराष्ट्रानं तर १९९६ मध्येच डिस्लेक्सिया असलेल्या शाळकरी मुलांना परीक्षेत सवलती देऊ केल्या होत्या. नव्या कायद्याच्या १७ व्या कलमात जादा वेळ आणि लेखनिक यांचा स्पष्ट उल्लेख आहे.

तरी अपंगत्वाच्या प्रमाणपत्रावरच्या ४० टक्क्यांच्या आकड्याशी गाडी अडायची. विकास कुमार या उमेदवाराला लिहिताना हातात पेटके येण्याचा विकार होता. यूपीएससीनं त्याला रायटर नाकारला. ११ फेब्रुवारी २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला की ४० टक्क्यांची अट रायटर नाकारायला पुरेशी नाही, आणि वाजवी सोय ही त्या त्या व्यक्तीची गरज पाहून करायची असते. न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी लिहिलेला हा निकाल प्रत्येक परीक्षा विभागात वाचला जायला हवा.

पण परीक्षेच्या आधी अभ्यास असतो, आणि अभ्यासाला पुस्तक लागतं. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात २००३ साली दृष्टिबाधितांसाठी संसाधन केंद्र सुरू झालं. त्याची उभारणी केली समाजशास्त्राचे प्राध्यापक सॅम तारापोरवाला यांनी. ते स्वतः दृष्टिबाधित. छापील पान स्कॅन करून संगणकाला वाचता येईल असा मजकूर बनवणं, पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा स्क्रीन रीडर शिकवणं, ही कामं तिथे रुजली. २०१२ च्या दुरुस्तीनंतर अपंग वाचकांसाठी पुस्तकाचं असं रूपांतर करायला कॉपीराइट कायद्याची आडकाठी उरली नाही. २०१६ मध्ये ‘सुगम्य पुस्तकालय’ हे ऑनलाइन ग्रंथालयही आलं.

मराठीतून शिकणाऱ्यांची वाट याहून बिकट आहे. एनव्हीडीए हा फुकट मिळणारा स्क्रीन रीडर मराठी बोलतो, पण मजकूर युनिकोडमध्ये असला तरच. जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या नोट्स डोळ्यांना देवनागरी दिसतात. संगणकाच्या लेखी ती रोमन अक्षरांची आणि चिन्हांची रास असते, आणि एनव्हीडीए ती रास तशीच्या तशी बडबडतो. झेरॉक्सचा मोबाइलवर काढलेला फोटो पाठवला तर तो काहीच वाचत नाही. ओसीआर करावं, म्हणजे चित्रातली अक्षरं संगणकाकडून ओळखून घ्यावीत, तर पुसट छपाईतली जोडाक्षरं आणि अनुस्वार गडबडतात, म्हणून कुणीतरी मुळाशी ताडून पान न् पान दुरुस्त करावं लागतं. दोनशे पानी पुस्तकाला यात आठवडे जातात.

शिवाय प्रत्येकाची गरज वेगळी असते, म्हणून सगळ्यांना एकच पुडकं देऊन भागत नाही. अल्पदृष्टी असलेल्याला मोठ्या टाइपातली प्रश्नपत्रिका पुरते, त्याला रायटर नकोही असतो. कर्णबधिर मुलीला व्याख्यानाला सांकेतिक भाषेचा दुभाषी लागतो. व्हीलचेअरवरच्या मुलाला एवढंच हवं असतं की त्याचा वर्ग तिसऱ्या मजल्यावर लागू नये. प्रवेशाच्या टेबलावर प्रत्येकाला हे विचारता येतं. प्राध्यापकांकडून पुस्तकांची यादी आणि नोट्सच्या युनिकोड फाइली जूनमध्येच मागून घेतल्या, तर पहिल्या सत्राची पुस्तकं सप्टेंबरपर्यंत तयार होतात. परीक्षेचा फॉर्म भरताना विचारलं, तर फार तर रायटर मिळतो.