अंगणवाडीचा निधी : अन्नासाठी आणि हातांसाठी

केळीच्या बागेस खत व पाणी वेळेवर मिळाले, तरी पिले काढणारे व झाडांना आधार देणारे हात नसतील तर घड चांगला भरत नाही. सावदा परिसरातील बागाईतदारांस हे वेगळे सांगावयास नको. बालकांच्या पोषणाचेही तसेच आहे. अंगणवाडीत धान्य पोचले म्हणजे ते बालकाच्या पोटात गेले, असे होत नाही. ते शिजविणारी, वाटणारी आणि बालकाचे वजन पाहणारी व्यक्ती तेथे असावी लागते. म्हणून या कार्यासाठी शासन दोन निरनिराळ्या बाबींवर पैसा खर्च करते.

खर्चाची वाटणी

एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली. अमरावती जिल्ह्यातील धारणी येथील प्रकल्प हा तिच्या अगदी पहिल्या प्रकल्पांपैकी एक होय. आरंभी पूरक आहाराचा खर्च राज्याने व इतर खर्च केंद्राने करावयाचा, अशी व्यवस्था होती. २००५-०६ पासून आहाराच्या खर्चातही केंद्र वाटा उचलू लागले. आज आहाराचा खर्च केंद्र व राज्य निम्मा-निम्मा सोसतात. सेविका व मदतनीस यांच्या मानधनाच्या ठरीव रकमेत केंद्राचा वाटा ६० टक्के व राज्याचा ४० टक्के असतो.

मानधनात झालेली वाढ

ऑक्टोबर २०१८ पासून केंद्राने सेविकेचे मानधन दरमहा ३,००० रुपयांवरून ४,५०० रुपये व मदतनिसाचे १,५०० वरून २,२५० रुपये केले. राज्य त्यात स्वतःची भर घालते. २०२३ च्या राज्य अर्थसंकल्पात सेविकेस ८,३२५ ऐवजी १०,००० व मदतनिसास ४,४२५ ऐवजी ५,५०० रुपये जाहीर झाले. सेविका व मदतनीस उपदानास पात्र आहेत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये दिला.

हा खर्च व्यर्थ समजू नये. पूरक आहाराखेरीज लसीकरण, आरोग्य तपासणी, दवाखान्यात पाठवणी, मातांस पोषणाचे शिक्षण व बालकांचे शाळापूर्व शिक्षण या कामांतही सेविकेस वाटा उचलावा लागतो. तिचे पद रिकामे राहिले, तर शेजारच्या सेविकेस दोन अंगणवाड्या पाहाव्या लागतात. मग वजन घेणे लांबते आणि बालकाची घसरण उशिरा ध्यानात येते. ज्या माता पहाटेच केळीच्या कामावर जातात, त्यांच्या मुलांस याची झळ अधिक लागते.

गावाने काय करावे

१. सेविका अगर मदतनीस यांचे पद रिकामे असल्यास ग्रामसभेत ठराव करून तो बालविकास प्रकल्प अधिकाऱ्याकडे पाठवावा.

२. ग्रामपंचायतीने उत्पन्नाचा १० टक्के भाग महिला व बालकल्याणावर खर्च करावयाचा असतो. त्यातून वजनकाटा, भांडी व पाण्याची सोय करावी.

३. बागाईतदारांनी मजूर स्त्रियांची मुले अंगणवाडीत पोचतील अशी कामाची वेळ ठेवावी. सातपुड्यातील पाड्यांवरून आलेल्या कुटुंबांच्या मुलांची नावे सेविकेस कळवावीत.

४. अंगणवाडीजवळ परसबाग करावी. राज्याच्या अमृत आहार योजनेत आदिवासी भागातील बालकांस अंडी किंवा केळी देतात. केळीच्या या मुलखात एखादी फणी अंगणवाडीस देणे कोणासही जड नाही.

अन्नाचा पैसा व हातांचा पैसा ही एकाच गाड्याची दोन चाके आहेत. दोन्ही वेळेवर पोचतात की नाही, यावर गावाने लक्ष ठेवावे.