केमिकल नंतर, आधी भिंत

२०२५ मध्ये मोसमी पाऊस २६ मे रोजीच पुण्यात येऊन थडकला आणि तळघरांच्या दुरुस्त्या राहूनच गेल्या. त्यानंतर बिबवेवाडीतल्या सोसायट्यांनी बेसमेंटच्या वॉटरप्रूफिंगची कोटेशने मागवायला सुरुवात केली. कोटेशनमध्ये केमिकलचे नाव आणि वॉरंटीची वर्षे ठळक असतात. भिंतीची तयारी ‘साफसफाई’ या एका शब्दात उरकलेली असते. खरे काम त्या शब्दातच आहे आणि जिवाचा धोकाही तिथेच.

आधी पाणी येते कुठून ते पाहा. कात्रज-कोंढव्याच्या टेकड्यांवर मुरलेले पाणी मुरमातून उताराला लागते आणि कठीण कातळ आला की त्यावरून आडवे सरकते. पुण्याखालचा बेसाल्ट म्हणजे एकसंध शिळा नव्हे, त्याच्या थरांतून आणि भेगांतून पाणी फिरते, हे ‘अ‍ॅक्वाडॅम’ या संस्थेचे भूजलतज्ज्ञ हिमांशु कुलकर्णी वर्षानुवर्षे सांगत आले आहेत. तळघर खोदताना आपण त्या वाटाच कापतो. म्हणून पाऊस थांबल्यावरही भिंत पाझरत राहते आणि पाइप फुटल्याचा आळ वरच्या मजल्यावर येतो.

आता भिंत. रंग, पुट्टी, पोकळ वाजणारा गिलावा, पांढरा लोणा, सगळे खरवडून मूळ काँक्रीट उघडे करायचे. लोण्यावर मारलेला लेप कांद्याच्या सालीसारखा सुटतो. भेग इंचभर खोल कोरायची. पाण्याची धार असेल तिथे नळी बसवून तिला वाट द्यायची आणि बाकी भिंत झाल्यावर ती नळी शेवटी बंद करायची. जुन्या इमारतीत काळ्या दगडाची भिंत असेल तर दगडांमधल्या दरजा (सांधे) कोरून पुन्हा भराव्या लागतात. भिंत आणि फरशीच्या कोपऱ्यात वाटा, म्हणजे सिमेंटची गोलाई, हवाच. सिमेंटचा लेप ओलसर भिंतीवर धरतो, ओघळत्या भिंतीवर नाही.

हे सगळे बंद, कोंदट जागेत चालते. कोरड्या ग्राइंडरने उडणाऱ्या सिलिकाच्या धुळीने सिलिकोसिस होतो आणि तो बरा होत नाही. तोंडाला बांधलेला रुमाल ती धूळ अडवत नाही. पाणी मारत काम करायचे आणि प्रत्येक कामगाराला एन-९५ मास्क द्यायचा. लोणा काढायला अ‍ॅसिड नको, तारेचा ब्रश पुरतो. डिझेल पंप किंवा जनरेटर तळघरात लावला तर कार्बन मोनॉक्साइडने माणूस कळायच्या आत बेशुद्ध पडतो. ओल्या जागेत वीज घेताना गळती होताच पुरवठा तोडणारी ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी लावायलाच हवी.

पण सर्वांत मोठा धोका भिंत बाहेरून उघडी करण्यासाठी खोदण्यात आहे. शेजारच्या कोंढव्यात २९ जून २०१९च्या पहाटे संरक्षक भिंत मजुरांच्या झोपड्यांवर कोसळून १५ जणांचा जीव गेला. ओल्या मातीचा दाब किती असतो, हे आपल्याला त्यानंतर तरी कळायला हवे होते. भिंतीला आडवी भेग असेल किंवा ती आत फुगली असेल, तर स्ट्रक्चरल इंजिनिअरने पाहिल्याशिवाय छिन्नीसुद्धा लावू नका. बाहेरचा चर सलग उघडू नका, टप्प्याटप्प्याने खोदा. दीड मीटरपेक्षा खोल गेलात की आधार द्या आणि काढलेली माती काठावर रचू नका.

सोसायटीच्या कमिटीला एकच विनंती आहे. कोटेशनमध्ये तयारीचे आणि सुरक्षेचे पैसे वेगळे लिहून मागा आणि उघडी केलेली भिंत इंजिनिअरने पाहिल्याशिवाय लेपाचे काम सुरू होऊ देऊ नका.