पडद्यावरची भातुकली

मैत्रिणींनो, लेक संगणकावर घरं सजवत बसली की लगेच रागावू नका. घटकाभर शेजारी बसा. 'द सिम्स' हा खेळ विल राइट यांनी २००० साली आणला. १९९१ मध्ये अमेरिकेत ओकलंडच्या वणव्यात त्यांचं राहतं घर जळालं. संसार नव्यानं जमवताना त्यांना हा खेळ सुचला. आपली भातुकलीच म्हणा ना! पण २००४ च्या दुसऱ्या आवृत्तीपासून यातली माणसं वयानं वाढू लागली. पाळणा निघतो, पोरांचे पलंग येतात, पुढं म्हातारपणही येतं. मांडणी चुकून वाट अडली, तर माणूस तिथंच हात हलवीत उभा!

पडेगावच्या दोन खोल्यांत नेमकं हेच अडतं. सासूबाई गावाहून कायमच्या राहायला आल्या, तर पलंग कुठं टाकायचा? बैठकीत टाकला तर येणाऱ्याजाणाऱ्यासमोर त्यांनी आडवं कसं व्हायचं? आत टाकला तर दहावीच्या मुलीनं अभ्यास कुठं करायचा? खेळात भिंत सरकवायला गवंडी लागत नाही. तेव्हा कपाट ओढण्याआधी खोलीचं माप घ्या आणि लेकीकडून दोन-तीन मांडण्या करून घ्या. सासूबाईंनाही शेजारी बसवा बरं का. रात्री उठून मोरीपर्यंत जायला वाट मोकळी हवी, हे लेकीला कुठलं सुचायला!