टोरांटोचा बहुरंगी आहार, भाड्याची मोटार आणि पथ्यविचार

मुलाकडे वा मुलीकडे कॅनडास निघालेले रुग्ण प्रवासापूर्वी औषधे घेण्यास येतात, तेव्हा 'तेथे काय खावे?' हा प्रश्न हमखास विचारतात. 'घरचे साधे जेवण घ्या' एवढ्या उत्तराने भागत नाही. टोरांटो महानगरात निम्म्याच्या जवळपास लोक देशाबाहेर जन्मलेले आहेत आणि घरची मंडळी शनिवार-रविवारी मोटार काढून त्यांच्या खाद्यगृहांची वाट धरतात. तेव्हा चरकाचार्यांनी विमानस्थानात सांगितलेल्या अष्ट आहारविधिविशेषायतनांचा विचार त्या शहरातील प्रत्यक्ष पदार्थांना लावून पाहणे आवश्यक ठरते.

मोटार का, हे प्रथम सांगितले पाहिजे. तेथील उत्तम व स्वस्त खाद्यगृहे शहराच्या मध्यभागी कमी, स्कारबरो, मार्कहम, ब्रॅम्प्टन अशा विस्तीर्ण उपनगरांत जास्त आहेत. मोठ्या वाहनतळाभोवती दुकानांची बैठी रांग आणि त्यातच एखादे दहा मेजांचे भोजनगृह, असे त्यांचे रूप असते. मार्कहम ते ब्रॅम्प्टन हे अंतरच 40-45 किलोमीटर भरते. भारतीय परवान्यासोबत आंतरराष्ट्रीय परवाना न्यावा. तो आपल्या आर.टी.ओ. कार्यालयातून मिळतो. वाहन रस्त्याच्या उजव्या बाजूने चालवावे लागते. 407 क्रमांकाच्या महामार्गावर पथकराचे नाकेच नाहीत. गाडीच्या क्रमांकाचे छायाचित्र घेतले जाते आणि देयक भाडे-कंपनीमार्फत, तिचे शुल्क मिळवून, आपल्याकडे येते.

आता पदार्थांकडे वळू. मार्कहमच्या चिनी उपाहारगृहांत 'काँजी' नावाची तांदळाची पातळ खिमट मिळते. पंचकर्मोत्तर संसर्जनक्रमातील पेया-विलेपीशी तिचे साम्य पाहून कोणाही वैद्यास आनंद व्हावा. मंदाग्नीच्या रुग्णास ती निःशंक सांगावी. मात्र मांस व अंडे न घातलेली मागावी आणि सोबतची तळलेली पिठाची कांडी टाळावी. स्कारबरोत श्रीलंकेच्या तमिळ समाजाची दुकाने पुष्कळ आहेत. तेथील वाफवलेले इडिअप्पम म्हणजे आपल्या कोकणातील शिरवाळ्यांचे भावंडच. ते पचण्यास हलके. त्याच दुकानातील कोत्तु रोटी मात्र तापल्या तव्यावर रोटी, अंडे व मांस एकत्र चिरून केलेली, म्हणून गुरू. एकच दुकान, एकच देश. भेद केवळ 'करण' म्हणजे संस्काराचा.

त्रिनिदादच्या लोकांचे 'डबल्स' म्हणजे तळलेल्या दोन 'बारां'मध्ये हरभऱ्याची उसळ. 1845 पासून तेथे गेलेल्या भारतीय मजुरांचा हा वारसा. चवीस उत्तम, पण वातप्रकृतीने एकावर थांबावे. त्यांचीच 'कॅलालू' ही भाजी अळूच्या पानांची असते, तर जमैकाची त्याच नावाची भाजी माठाच्या जातीची! नुसत्या नावावरून पथ्य ठरवू नये, याचे याहून चांगले उदाहरण मला सुचत नाही. इथिओपियाची इंजेरा ही आंबवलेली भाकरी अम्लपित्ताच्या रुग्णास मानवत नाही. इराणी उपाहारगृहातील 'दूघ' हे दह्यापासून केलेले पेय असले, तरी त्यास सरसकट तक्राचे गुण देऊ नयेत. दुधात वा सायीत मासे शिजवलेले 'चाउडर' हा तर मत्स्य-पयस् विरोधाचा पाठ्यपुस्तकी नमुना. नारळाच्या रसातील माशांस तोच दोष लावण्याची घाई मात्र काही वैद्य करतात, ती अनाठायी आहे.

खरा धोका कोणत्याही एका पदार्थात नाही. 'आलोच आहोत तर आणखी एक ठिकाण' या उत्साहात चार तासांत चार देशांचे अन्न पोटात जाते. पूर्वीचे पचण्यापूर्वी पुन्हा खाणे हे अध्यशन. अवेळी, कमी-अधिक खाणे हे विषमाशन. वर लघवीचा वेग धरून महामार्गावर बसणे. मधुमेही व अर्शाच्या रुग्णांना एका फेरीत एकच भोजन, बाकीचे बांधून घरी, असा नियम लिहूनच द्यावा. मोटारीचा हाच खरा लाभ आहे. दारावरील आरोग्य तपासणीची पाटीही पाहावी. टोरांटोत 2001 पासून हिरवी, पिवळी वा लाल पाटी लावतात.

औषधांविषयी भांडारचालकांनी विशेष दक्ष राहावे. आसव-अरिष्टांत स्वयंजनित मद्यांश असतो. ऑंटारिओत रक्तातील मद्यांश 0.05 टक्के झाल्यासच परवान्यावर कारवाई सुरू होते आणि नवशिक्यांना व 21 वर्षे वा त्याखालील चालकांना तो शून्य हवा. नेहमीच्या मात्रेने ही मर्यादा गाठणे कठीण. तरीही ज्यास वाहन चालवायचे आहे त्याने अरिष्ट रात्री, परतल्यावरच घ्यावे. तेथे 1 जानेवारी 2004 पासून नैसर्गिक आरोग्य-उत्पादनांसाठी स्वतंत्र नियम लागू असून मान्यताप्राप्त उत्पादनावर आठ अंकी क्रमांक असतो. शिसे, पारा आढळल्यावरून काही आयुर्वेदिक उत्पादनांविरुद्ध तेथील आरोग्य खात्याने वेळोवेळी इशारे दिले आहेत. म्हणून रसकल्प कागदाच्या पुडीत बांधून देऊ नयेत. शक्यतो काष्ठौषधी द्यावीत, मूळ सीलबंद बाटलीत, घटकद्रव्ये इंग्रजीत छापलेली असावीत आणि सोबत रुग्णाचे नाव व मात्रा लिहिलेले वैद्याचे पत्र असावे.